आतली उष्णता बाहेर : घरगुती फ्रिजवरच्या पुस्तकाची प्रस्तावना

१८३४ साली मुंबई बंदरात अमेरिकेचा बर्फ उतरला. बोस्टनजवळच्या गोठलेल्या तळ्यांवर हिवाळ्यात कापलेल्या लाद्या लाकडाच्या भुशात दडपून, आफ्रिकेला वळसा घालून, चार-चार महिने समुद्रातून आणल्या जात. आदल्याच वर्षी फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्यानं ‘टस्कनी’ जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला होता आणि त्यातला सुमारे १०० टन शाबूत पोचला होता. मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांनी त्या बर्फाच्या बळावर मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि ती गोष्ट शहरभर गाजली. पुढे मुंबईत बर्फ साठवायला खास बर्फघर बांधलं गेलं. ते आता नाहीसं झालं आहे. चेन्नईच्या किनाऱ्यावरचं तसलंच आइस हाउस मात्र अजून उभं आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद तिथे उतरले होते, म्हणून ते आज त्यांच्या नावानं ओळखलं जातं.

त्या काळात थंडी हा माल होता. विकत आणायचा, जपून वापरायचा, वितळला की संपला.

त्याच १८३४ साली लंडनमध्ये स्थायिक झालेल्या जेकब पर्किन्स या अमेरिकी संशोधकाला एका यंत्राचं पेटंट मिळालं. चटकन उडणारा द्रव बंद भांड्यात उडू द्यायचा, त्याची वाफ पंपानं ओढून दाबायची, दाबलेली वाफ निववून तिचा पुन्हा द्रव करायचा आणि तोच द्रव परत उडायला सोडायचा. द्रव खर्च होत नाही, वाया जात नाही, नुसता फिरत राहतो. पर्किन्सच्या हयातीत या यंत्राचा व्यापार जमला नाही. पण आपल्या स्वयंपाकघरात गुरगुरणारी पेटी आजही याच चार पावलांवर चालते.

हे पुस्तक लिहावंसं वाटलं ते या दोन गोष्टींमुळे. फ्रिज आपण पर्किन्सच्या पद्धतीचा वापरतो आणि त्याच्याकडे पाहतो मात्र बर्फघराच्या नजरेनं. ‘गॅस संपला’, ‘थंडी कमी पडते’, ‘दार लावा, गारवा उडून जातो’ ही सगळी बोलणी त्या जुन्या नजरेतली आहेत. फ्रिजमध्ये थंडी भरलेली नसते आणि ती तयारही होत नाही. तो एकच काम करतो : पेटीच्या आतली उष्णता उचलून बाहेर स्वयंपाकघरात टाकतो. हे एकदा नीट उमगलं की फ्रिज कुठे ठेवावा, कसा पुसावा, त्यात काय ठेवू नये, मेकॅनिकला काय विचारावं, या सगळ्याची उत्तरं बहुतेक वेळा आपली आपल्यालाच सापडतात. पुढच्या सगळ्या प्रकरणांचा पाया हाच आहे, म्हणून प्रस्तावनेतच त्यावर थोडं रेंगाळतो.

माठातलं पाणी गार का होतं हे आपण शाळेत शिकलेलो असतो. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी हवेत उडून जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला की जे गार लागतं तेही यामुळेच. द्रवाला वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती तो आसपासून ओढून घेतो. अठराव्या शतकाच्या मध्यावर स्कॉटलंडमध्ये विल्यम कलन यांनी ईथरवरची हवा पंपानं काढून घेतली. तेव्हा ईथर खोलीच्या तापमानालाच उकळू लागलं आणि शेजारच्या पाण्याचा बर्फ झाला. उकळणं आणि गोठणं एकाच टेबलावर, एकाच वेळी! फ्रिजचं सगळं मर्म या प्रयोगात आहे.

कारण उकळणं हे जसं तापमानावर अवलंबून आहे तसंच दाबावरही आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, तिथे ते ९५-९६ अंशांनाच उकळतं. कुकरमध्ये दाब वाढवला की तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, म्हणून तूरडाळ लवकर शिजते. आता पाण्याऐवजी असा पदार्थ घ्या, जो साध्या हवेच्या दाबाला उणे १२ अंशांनाच उकळतो. आजच्या बहुतेक नव्या घरगुती फ्रिजमध्ये असतो तो आयसोब्युटेन, म्हणजे मेकॅनिक ज्याला आर-६००ए म्हणतात तो, असाच आहे. त्याच्यावरचा दाब आणखी कमी केला की तो उणे २३-२५ अंशांनाही उकळतो. इतक्या थंड जागी उकळायचं तर त्याला उष्णता हवी, आणि ती त्याला फ्रीझरमधल्या बर्फाच्या ट्रेमधूनही मिळते, कारण उणे पाच अंशांचा बर्फसुद्धा त्याच्यापेक्षा गरमच.

आता यंत्राची फेरी पाहू. फ्रिजच्या मागे खाली काळी, गोल कासवासारखी दिसणारी डबी असते तो कॉम्प्रेसर. मोटर आणि पंप दोन्ही त्यात तेलासकट कायमचे बंद केलेले असतात. तो वाफ दाबतो. दाबली की ती तापते. ही तापलेली वाफ मागच्या काळ्या जाळीतून, म्हणजे कंडेन्सरमधून जाते, तिथे आपली उष्णता स्वयंपाकघराच्या हवेला देते आणि द्रव होते. मग हा द्रव फिल्टर-ड्रायर नावाच्या तांब्याच्या छोट्या कुपीतून जातो. तिच्यातले दाणे चुकूनमाकून राहिलेला ओलावा शोषतात. पुढे लागते कॅपिलरी, म्हणजे दोन-तीन मीटर लांबीची, आतून एक मिलिमीटरहूनही बारीक भोक असलेली नळी. तिच्यातून धडपडत बाहेर पडताना द्रवाचा दाब एकदम उतरतो आणि फ्रीझरभोवतीच्या नळ्यांत तो उकळू लागतो. उकळताना आतल्या दुधाची, भाजीची, पाण्याची उष्णता घेतो, वाफ होतो आणि कॉम्प्रेसरकडे परत येतो. आत हवं तितकं गार झालं की थर्मोस्टॅट वीज तोडतो. फ्रिज ‘कट’ झाला, असं आपण म्हणतो तो हाच क्षण.

उष्णता आपणहून गरमाकडून गाराकडे जाते, उलट जात नाही. विहिरीतलं पाणी जसं आपणहून काठावर येत नाही, शेंदावं लागतं, तशी फ्रिजमधली उष्णता शेंदून काढावी लागते. कॉम्प्रेसर ते कष्ट करतो आणि विजेचं बिल त्या कष्टांचं येतं. स्वयंपाकघर जितकं गरम, तितकी विहीर खोल. फ्रिज गॅसच्या शेगडीला खेटून ठेवला, मागे भिंतीला चिकटवला, किंवा हल्लीच्या फ्लॅटमध्ये करतात तसा तिन्ही बाजूंनी फर्निचरमध्ये बसवून टाकला, तर आपण ती विहीर स्वतःच खोल करत असतो. इंटीरियरच्या हौसेपायी फ्रिजला श्वास घ्यायला जागा न ठेवणं मला फार चुकीचं वाटतं. मागे आणि बाजूंना किती जागा सोडायची हे प्रत्येक फ्रिजच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. सुताराला माप देण्याआधी ते पान उघडावं. फ्रिजचं दार उघडं टाकून खोली गार होत नाही, तेही याचमुळे. आतली उष्णता त्याच खोलीत पडते, शिवाय मोटरची तिच्यात मिसळते, आणि खोली उलट तापते.

फ्रिजच्या बाजूच्या भिंतीला हात लावून कित्येक जण घाबरतात. ती गरम लागते. बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये कंडेन्सरची नळी पाठीमागे न ठेवता बाजूंच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते, म्हणून ती भिंत गरमच हवी. फ्रीझर आणि खालच्या कप्प्यामधली दाराची चौकटही थोडी कोमट लागते. पावसाळ्यात तिथे दव धरू नये म्हणून गरम नळी मुद्दाम तिथून नेलेली असते. हौसेनं शिवलेली, खिसे असलेली फ्रिजची कव्हरं आपल्याकडे घरोघर असतात. ती वरच्या टपावर खुशाल असावीत, बाजूच्या भिंती मात्र त्यांनी झाकू नयेत.

आता ‘गॅस संपण्या’बद्दल. हे मला सगळ्यांत कळकळीनं सांगायचं आहे, कारण घरोघरचे पैसे इथेच वाया जातात. फ्रिजमधला गॅस जळत नाही, झिजत नाही, खर्च होत नाही. कारखान्यात भरलेला तो गॅस यंत्र संपेपर्यंत पुरायचा असतो, आणि चांगल्या फ्रिजमध्ये पंधरा-वीस वर्षं पुरतोही. तो कमी झाला असेल तर नळीत कुठेतरी गळती आहे. ती गळती न शोधता नुसता गॅस भरून घेतला तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा तेच होणार. दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांना कुणी हे सांगितलेलंच नसतं. म्हणून मेकॅनिकला नम्रपणे पण ठामपणे विचारावं : गळती कुठे सापडली? ती कशी बंद केलीत? फिल्टर-ड्रायर बदललात का? गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांमधली हवा आणि ओलावा काढलात का? ज्याला काम येतं त्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

आर-६००एच्या फ्रिजमध्ये तर गळती आणखी फसवी असते. फ्रीझरकडच्या नळ्यांमधला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहूनही कमी असतो. त्यामुळे त्या बाजूला भोक पडलं की चालू फ्रिजमध्ये गॅस बाहेर जाण्याऐवजी बाहेरची दमट हवाच आत ओढली जाते. तो ओलावा बारीक कॅपिलरीत गोठतो आणि वाट बंद होते, यालाच ‘चोक झाला’ म्हणतात. आणि अशी भोकं पाडणारं सगळ्यांत मोठं हत्यार आपल्याच घरात असतं. फ्रीझरमध्ये साचलेला बर्फ सुरीनं, उलथन्याच्या टोकानं खरवडणं थांबवलं तर कितीतरी फ्रिज वाचतील. तिथला ॲल्युमिनियमचा पत्रा पातळ असतो आणि नळी त्याच्यातच असते. बर्फ काढायचा तर डिफ्रॉस्टचं बटण दाबून किंवा फ्रिज बंद करून, दार उघडून, त्याला आपोआप सुटू द्यावं.

या गॅसांचा इतिहासही पुस्तकात एका प्रकरणात आला आहे. त्यातलं थोडं इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. घरोघर फ्रिज पोचू लागले तेव्हा, १९२०च्या दशकात, त्यांच्यात सल्फर डायऑक्साइड, मेथिल क्लोराइड, अमोनिया असे विषारी वायू असत. जर्मनीत अशा गळतीनं एका कुटुंबाचा जीव गेल्याची बातमी वाचून अल्बर्ट आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड या दोघा भौतिकशास्त्रज्ञांनी हलते भाग आणि गळके सांधे नसलेला फ्रिज रचायला घेतला. त्यांना १९३०मध्ये अमेरिकी पेटंटही मिळालं, पण तो फ्रिज बाजारात आला नाही. त्याच सुमारास थॉमस मिजली यांनी क्लोरिन आणि फ्लोरिन असलेला एक वायू पुढे आणला. तो विषारी नव्हता आणि पेटतही नव्हता. १९३०मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजली यांनी तो छातीत भरून घेतला आणि त्याच्या फुंकरीनं मेणबत्ती विझवून दाखवली. घरांमधला धोका टळला आणि फ्रिज निर्धास्तपणे जगभर पसरले. पण १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिलं की हे सीएफसी वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८५मध्ये अंटार्क्टिकावरचं भगदाड उघड झालं, १९८७मध्ये माँट्रियलचा करार झाला, १९९२मध्ये भारत त्यात सामील झाला. सीएफसीच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही; पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक जोरकस आहे. म्हणून आता आयसोब्युटेन आला. तो ओझोनला निर्धोक आहे, हवामानाला जवळजवळ निर्धोक आहे. पण तो पेटतो.

पेटतो म्हणून घाबरायचं कारण नाही. घरगुती फ्रिजमध्ये तो मूठभर ग्रॅमच असतो, बहुधा पन्नासच्या आसपास. काळजी घ्यायची ती दुरुस्तीच्या वेळी. कॉम्प्रेसरजवळ पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र असेल तर मेकॅनिकला ते आधी दाखवावं, खिडक्या उघडाव्यात, शेगडी बंद ठेवावी, आणि गॅस पूर्ण काढल्याशिवाय त्याला नळीवर ज्योत धरू देऊ नये. आर-१३४एसाठी बनवलेल्या जुन्या फ्रिजमध्ये ‘हाच स्वस्त पडतो’ म्हणून आर-६००ए भरून घेणंही धोक्याचं. त्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि विजेचे भाग या वायूसाठी केलेलेच नसतात.

फ्रिज कोणत्या हवेत राहतो याकडे आपण फार कमी पाहतो. फ्रिजवरच्या पाटीवर ‘हवामान वर्ग’ लिहिलेला असतो. ‘टी’ म्हणजे उष्ण कटिबंधाचा, त्याची चाचणी बाहेरचं तापमान ४३ अंश धरून होते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात त्याहूनही. तिथे दुपारी फ्रिज तासन्‌तास कट झाला नाही तर तो बिघडला असं लगेच ठरवू नये; त्याच्या विहिरीचा काठच वर गेलेला असतो. पहाटे तो कट होतो का, हे पाहावं. पहाटेही होत नसेल तर मेकॅनिकला बोलवावं. कोकणात आणि गोव्यात दुखणं वेगळं. तिथे हवा दमट आणि खारी. दर वेळी दार उघडलं की ओली हवा आत शिरते आणि तिचं पाणी फ्रीझरमध्ये गोठतं, म्हणून तिकडे दार लवकर लावण्याचं महत्त्व अधिक. खाऱ्या वाऱ्यानं मागची जाळी, पाय, दाराच्या बिजागऱ्या गंजतात. त्या वरचेवर कोरड्या फडक्यानं पुसाव्या लागतात. नाशिककडच्या कडक थंडीत आणखी तिसरंच काही होतं. खालचा कप्पा बाहेरच्या हवेनंच गार राहतो, थर्मोस्टॅट यंत्र सुरूच करत नाही, आणि काही फ्रिजमध्ये वरचं आइस्क्रीम मऊ पडतं.

थर्मोस्टॅटच्या चाकावरचे एक ते पाच किंवा सात आकडे म्हणजे अंश नव्हेत. आकडा जितका मोठा तितका फ्रिज अधिक गार, एवढाच त्यांचा अर्थ.

रोजच्या देखभालीतली बरीचशी कामं उष्णतेची वाट मोकळी ठेवण्याचीच आहेत. मागच्या जाळीवर धूळ आणि फोडणीचा तेलकट धूर साठला की उष्णता बाहेर पडत नाही. तीन-चार महिन्यांनी प्लग काढून मऊ ब्रशनं ती झाडावी. दाराचं रबर, म्हणजे गास्केट, आतल्या चुंबकपट्टीनं चिकटतं. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावं आणि ओढून पाहावी, सगळीकडे थोडा अडसर जाणवला पाहिजे. पट्टी सहज निसटली तर तिथून दिवसरात्र गरम हवा आत येते. रबराच्या घड्यांमधली घाण कोमट साबणपाण्यानं काढली की बरेचदा काम होतं. कडक झालेलं रबर मात्र बदलावं. साध्या फ्रिजच्या फ्रीझरवर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड बर्फ जमू देऊ नये. तो बर्फ थंडी वाढवत नाही, उलट उष्णतेची वाट अडवतो.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिज हे काम स्वतः करतो. दिवसातून काही वेळा आतला छोटा हीटर लागतो, नळ्यांवरचा बर्फ वितळतो आणि ते पाणी एका नळीतून मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये येऊन त्याच्या उबेनं उडून जातं. ही नळी तुंबली की भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं, आणि घरात सगळे फ्रिज बिघडल्याची चर्चा करू लागतात. कोमट पाणी सोडून नळी मोकळी केली की बहुधा भागतं. पण मागचा तो ट्रे विसरू नका. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरात येऊन फ्रिजमागचा ट्रे तपासतात ती याचसाठी. आठवड्यातून एकदा तो रिकामा करून, घासून, कोरडा करून परत बसवावा. इतकं साधं आणि इतकं मोलाचं काम फ्रिजच्या देखभालीत दुसरं नाही.

अन्नाबद्दल एक गोष्ट पक्की धरावी : फ्रिज जंतूंना मारत नाही, त्यांचा वेग कमी करतो. खालच्या कप्प्यात ४ अंशांच्या आसपास, फ्रीझरमध्ये उणे १८, हे लक्ष्य. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू भराभर वाढतात. शिजवलेलं अन्न ‘पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नये’ हा आपल्याकडचा समज त्यामुळे अर्धाच बरोबर आहे. उकळतं पातेलं आत ठेवलं तर शेजारचं दूध तापतं, हे खरं. पण रात्रभर ओट्यावर ठेवणं त्याहून वाईट. भात तर विशेष जपावा. तांदळात असणाऱ्या बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवण्यातूनही तगतात. उबेला राहिलेल्या भातात ते वाढतात आणि त्यांचं एक विष सकाळच्या फोडणीनंही नष्ट होत नाही. फोडणीचा भात मलाही प्रिय आहे. तो करायचा असेल तर रात्रीचा भात पसरट भांड्यात निवू द्यावा आणि तास-दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवावा.

फ्रिजमध्ये काय ठेवू नये हेही तितकंच महत्त्वाचं. बटाट्यातल्या पिठाची थंडीत साखर होते आणि असे बटाटे तळले की काळपट होतात. कांदे-बटाटे टोपलीत, वाऱ्यावर, आणि एकमेकांपासून दूर बरे. केळ्याची साल काळी पडते, टोमॅटोची चव जाते. हापूसचा आंबा अढीत पूर्ण पिकायच्या आधी फ्रिजमध्ये गेला तर पुढे नीट पिकत नाही. पिकल्यावर मात्र दोन-चार दिवस खुशाल ठेवावा. दाराचे कप्पे हा फ्रिजमधला सगळ्यांत उबदार भाग. दुधाची पिशवी तिथे ठेवण्यापेक्षा आतल्या फळीवर मागे ठेवावी. दारात लोणची, सॉस, पाण्याच्या बाटल्या चालतात. आणि फ्रिज इतका खच्चून भरू नये की आतली हवा फिरायलाच जागा उरणार नाही.

वीज हा आपल्याकडे वेगळाच विषय आहे. लोडशेडिंगची सवय असलेल्या गावांत वीज येते-जाते, तिचा दाब चढतो-उतरतो. कॉम्प्रेसर थांबल्यावर नळ्यांमधले दाब समान व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधीच वीज आली तर त्याला भरल्या दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागतं आणि तो तापतो. म्हणून हातानं बंद केलेला फ्रिज पाच मिनिटांच्या आत पुन्हा लावू नये, आणि स्टॅबिलायझर घ्यायचा तर उशिरानं वीज सोडणारा घ्यावा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असलेले बरेच फ्रिज विजेच्या दाबाचे चढउतार स्वतः झेलतात, त्यांची पुस्तिका पाहून ठरवावं. वीज गेली की दार उघडू नये. बंद दारात खालचा कप्पा चारेक तास तग धरतो. रात्री बिल वाचवायला फ्रिज बंद करण्याची सवय अनेक घरांत आहे. त्यातून हाती काही लागत नाही. सकाळी तीच उष्णता पुन्हा शेंदावी लागते आणि मधल्या काळात अन्न उबदार झालेलं असतं. फ्रिजला तीन पिनांचा, अर्थिंग असलेला, भिंतीतला स्वतंत्र प्लग द्यावा; ओल्या ओट्याशेजारी एक्स्टेन्शनची वायर नको. घर बदलताना फ्रिज उभाच न्यावा. आडवा करावाच लागला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. नव्या घरी तो काही तास उभा राहू द्यावा आणि मग चालू करावा. लांबच्या गावाला जाताना फ्रिज बंद ठेवणार असाल तर तो रिकामा करून, पुसून, दारात फडकं अडकवून थोडा उघडा ठेवावा, नाहीतर आत बुरशी धरते.

या पुस्तकात ब्रँडांची तुलना नाही. ती सहा महिन्यांत शिळी होते. तारांकनाची पाटी कशी वाचायची ते मात्र सविस्तर दिलं आहे, कारण ताऱ्यांपेक्षा तिच्यावरचा वर्षाच्या युनिटांचा आकडा अधिक खरं सांगतो. आणि तारांकनाचे निकष वेळोवेळी कडक होत गेल्यानं जुन्या वर्षाचे पाच तारे आणि नव्या वर्षाचे पाच तारे सारखे नसतात. दुरुस्तीची प्रकरणं लिहिताना मी एक सीमा आखली आहे : रबर, ट्रे, पाण्याची नळी, जाळी, दिवा, पाय, एवढं घरच्यांनी करावं; रिले, कॉम्प्रेसर आणि गॅसची नळी जाणत्या हातांसाठी सोडावी. तिथे वाचकाला फक्त बरोबर प्रश्न विचारता यावेत, एवढाच माझा प्रयत्न आहे. जुना फ्रिज भंगारात देण्यावरही एक छोटं प्रकरण आहे. ई-कचरा घेणाऱ्या परवानाधारकाकडेच तो द्यावा, कारण नळी कापली की आतला गॅस हवेत जातो. आणि तोवर तो गॅलरीत किंवा जिन्याखाली पडून राहणार असेल तर त्याचं दार बिजागरीतून काढून ठेवावं. खेळता खेळता मुलं आत शिरतात आणि बाहेर पडू शकत नाहीत, असे अपघात जगात अनेक ठिकाणी झाले आहेत.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. उण्यापासून मोजणारा साधा थर्मामीटर आणा. ग्लासभर पाण्यात तो बुडवून रात्री झोपताना फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवा आणि सकाळी पहिल्यांदा दार उघडताच वाचा. हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, पाण्याचं लगेच बदलत नाही, म्हणून ग्लास. आलेला आकडा, थर्मोस्टॅटचं चाक कितीवर होतं ते, आणि तारीख, हे तिन्ही पुस्तकाच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा. तिसऱ्या प्रकरणात त्याची गरज पडेल.